स्थानिक कारभार शिकायला मुंबईत येताय? आधी देखभालीचं पान उघडा

सातारा, बुलढाणा, सिंधुदुर्ग, कुठून कुठून मुलंमुली मुंबईत येतात आणि "मला नगर प्रशासनात काम करायचंय" म्हणून भेटतात. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांच्या प्रशिक्षणाचं काम मी करते, त्यामुळे कोणीतरी माझा नंबर देतं. पहिला प्रश्न बहुधा तोच असतो: ताई, कोर्स कोणता करू?

त्याचं उत्तर लवकर देता येतं. पालिकेचं दफ्तर, नियम, लेखा हे शिकायचं असेल तर अंधेरीची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १९२६ पासून चालू असलेल्या या संस्थेचे एल.जी.एस. (लोकल गव्हर्नमेंट सर्व्हिस) आणि एल.एस.जी.डी. (लोकल सेल्फ गव्हर्नमेंट डिप्लोमा) हे अभ्यासक्रम पालिकांतले कर्मचारीही करतात. धोरण, संशोधन याकडे ओढा असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग. मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेचा प्रशासकीय प्रमुख, व्हायचं असेल तर एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा. नगरसेवकांच्या कामगिरीचा अभ्यास करायचा असेल तर प्रजा फाउंडेशनचे अहवाल वाचून ठेवा. यातलं काहीही निवडलंत तरी चालेल. त्यानंतर नजर कुठे ठेवायची, हे मला एका छोट्या शहराच्या नगराध्यक्षांनी शिकवलं, आणि सांगायचं आहे ते त्याबद्दल.

त्या 'क' वर्ग नगरपरिषदेच्या, म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीच्या गावाच्या. गावात सगळे त्यांना वहिनी म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. मुंबईतल्या प्रशिक्षणात आम्ही विकासकामांचं नियोजन समजावत होतो: योजना कोणत्या, प्रस्ताव कसा करायचा, हप्ते कसे सुटतात. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की टाकी बांधून झाल्यावर पंपाचं लाइट बिल कोण भरणार ते यात कुठे आहे? आमच्या सादरीकरणात ते कुठेच नव्हतं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. नवी टाकी, नवा रस्ता, नवं सभागृह यांना वरून पैसे मिळतात. ते चालू ठेवायला लागणारे पैसे मात्र नगरपरिषदेला घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाड्यातून काढावे लागतात. पंपाची वीज, तुरटी, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, गळका व्हॉल्व्ह, रात्रपाळीचा माणूस यांचं उद्घाटन कोणी करत नाही, पण गावाला पाणी मिळतं ते यांच्यामुळे. म्हणून त्यांनी मुख्याधिकाऱ्यांशी बोलून एक शिस्त घातली. नव्या कामाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा टिपणीत शेवटी लिहायचं, की हे काम चालवायला वर्षाला किती लागेल आणि ते अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खात्यातून, येईल. त्यांच्याच पक्षाचे नगरसेवक नाराज झाले, कारण कामं अडकली. एका प्रभागाची स्वागत कमान मागे पडली, जुन्या जलवाहिनीची गळती पुढे आली. १५व्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि घनकचऱ्यासाठी बंधित ठेवला होता, म्हणजे तो दुसरीकडे खर्च करता येत नव्हता. त्या अटीबद्दल अनेक पदाधिकारी तक्रार करतात. वहिनींना ती अट सोयीची वाटे, कारण कमान मागणाऱ्याला नियम दाखवता येई.

इथे कायदा नीट समजून घ्या, कारण मुंबईत शिकणारी मुलं इथेच गोंधळतात. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय आले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण महाराष्ट्रात शहरांचा कारभार एकाच कायद्याने चालत नाही. मुंबईला १८८८ चा कायदा, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा. मुंबईत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभा चालवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मान मिळवतात, पण रस्त्याची निविदा त्यांच्या सहीने निघत नाही. नगराध्यक्षांचं तसं नाही. थेट जनतेतून त्यांची निवड २०१६ ला पुन्हा सुरू झाली, २०२० ला ती पद्धत बंद झाली, २०२२ ला परत आली. साऱ्या गावाने मत दिलेलं असतं, म्हणून सारं गाव दारात येतं, आणि अधिकार मुख्याधिकाऱ्यांशी वाटून घ्यावे लागतात. वहिनींच्या मते त्यांच्या पदाची निम्मी ताकद या एका नात्यात होती. मुख्याधिकाऱ्याला चारचौघांत बोलायचं नाही, हा नियम त्यांनी पाच वर्षं पाळला. फाइलवरचं मतभेदाचं टिपण मात्र त्या स्वतःच्या हाताने लिहीत.

आता त्यांची नजर घेऊन मुंबईकडे बघा. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, त्यातला निम्म्याहून अधिक खर्च भांडवली, म्हणजे नव्या बांधकामांवरचा. एवढे आकडे पाहून नवखा माणूस सागरी किनारा मार्ग, बोगदे, पूल यांतच रमतो. तुम्ही महसुली खर्चाचं, म्हणजे पगार, वीज, देखभाल अशा रोजच्या खर्चाचं पान उघडा. पाणी आणि मलनिःसारणाचा 'ग' अर्थसंकल्प वेगळा असतो, तो वाचा. मग वॉर्ड ऑफिसला जा. एकाच विभागात चिकटून राहा, आज दादर आणि उद्या मुलुंड करू नका. ज्युनियर इंजिनियर साइटवर निघाला की सोबत जायची परवानगी मागा. घनकचरा खात्याच्या चौकीवर सकाळच्या हजेरीला उभे राहा, मुकादमाशी बोला. पाण्याचा चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कर्मचारी, गाठता आला तर सोडू नका. कोणत्या गल्लीत पाणी किती वेळ आणि कशा दाबाने पोचतं हे त्याला तोंडपाठ असतं, नकाशावर ते सापडत नाही. जुन्या चाळींमधली हाऊस गल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची अरुंद बोळ, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाहा. कागदावरची सफाई आणि प्रत्यक्षातली सफाई यांतलं अंतर तिथे डोळ्यांना दिसतं.

सभागृहाचं कामकाजही बघायला हवं. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत मुंबईत प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण प्रस्तावावर हरकतीचा मुद्दा घेणारं, स्थायी समितीत दर विचारणारं कोणी नव्हतं, आणि ही हानी मला फार मोठी वाटते. वहिनींचं मत थोडं वेगळं. नगरसेवक नसले की अधिकारी निर्णय भराभर घेतात, आणि ते लोकांना आवडतं हे आपण मान्य केलं पाहिजे, असं त्या म्हणत. लोकप्रतिनिधींनी स्वतःची गरज कामातून दाखवून द्यावी, हा त्यांचा आग्रह मला पटतो. निवडणुका लांबल्या तरी चालेल असं कोणी त्यातून काढलं, तर ते मला मुळीच पटत नाही.

लोकसहभागाबद्दल त्या जे करत ते आम्ही आता प्रशिक्षणात शिकवतो. 'विकासावर चर्चा' असं पत्रक काढलं की नेहमीचेच चेहरे येतात. 'तुमच्या आळीला पाणी किती वाजता हवं' असं लिहिलं की बायका येतात. वेळ दुपारी तीनची, जागा अंगणवाडी किंवा देवळाचा ओटा. सभेत ठरलेल्या गोष्टी फळ्यावर लिहायच्या आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच यादीपासून करायची: हे झालं, हे राहिलं, हे का राहिलं. पाण्याची वेळ पाळली जाऊ लागल्यावरच त्यांनी पाणीपट्टी वाढवली, आणि थकबाकीच्या नोटिसा आधी बड्या थकबाकीदारांना पाठवल्या. मुंबईतही असं घडलेलं आहे. प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम, हा प्रकार १९९० च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झाला. कचरा वेगळा करण्यापासून रहिवाशांनी गल्लीचा ताबा घेतला. झोपडपट्ट्यांमध्ये दत्तक वस्ती योजना आली, सफाईचं काम वस्तीतल्याच संस्थांकडे देणारी. दोन्ही ठिकाणी जाऊन या आणि इमारतींतली माणसं काय मागतात, झोपडपट्टीतली काय मागतात, याची तुलना स्वतः करा.

शिकायला मुंबईतच राहिलं पाहिजे असंही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत २०२० ला कराड, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी आणि २०२३ ला सासवड पहिलं आलं. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. वेंगुर्ल्याने कचरा डेपोच्या जागी पार्क उभं केलं. सुट्टीत गावी जाल तेव्हा वाट वाकडी करून यातलं एखादं गाव बघा, आणि बक्षीस मिळाल्यावर चार वर्षांनी तिथे काय चालू आहे आणि काय बंद पडलंय हे विचारा.

पगाराबद्दलही विचारतात. संस्थांमधल्या सुरुवातीच्या मानधनात मुंबईत भाड्याची खोली जेमतेम परवडते. घरच्यांशी आधी बोलून ठेवा.

मला भेटायला येणार असाल तर तुमच्या गावच्या नगरपरिषदेचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक घेऊन या. आधी लेखापालांकडे तोंडी मागा, बऱ्याच ठिकाणी मिळतं. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, पुढे पानाला दोन रुपये. पाणीपुरवठ्याच्या देखभालीवर मागच्या तीन वर्षांत तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, हे दोन रकाने पेन्सिलने खूण करून आणा. बोलायला तिथूनच सुरुवात करू.