पडवीत कराओके: रास्पबेरी पाय, मिक्सर आणि माईकची जोडणी

गणपतीत घर माणसांनी भरतं, भजन आटोपलं की कुणीतरी गाण्याचा विषय काढतं. तेव्हा लागणारं कराओकेचं यंत्र (वाद्यं ते वाजवतं, शब्द टीव्हीवर दाखवतं, गायचं आपण) आषाढातच जोडून, तपासून ठेवावं. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: माईक रास्पबेरी पायला, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं पाय), जोडायचा नाही. पाय ४ वरचं ३.५ मिमीचं भोक आवाज बाहेर देण्यासाठी आहे, आत घेण्यासाठी नाही. पाय ५ वर तर तेही नाही. यूएसबी माईक लावता येतो, पण त्याचा आवाज पायमधून फिरून स्पीकरवर येईपर्यंत उशीर होतो. तीस-चाळीस मिलिसेकंदांचा उशीरसुद्धा गाणाऱ्याला खटकतो, ताल सुटतो. म्हणून पायकडे फक्त गाणं आणि शब्द, माईक थेट मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणाऱ्या पेटीला.

सामान: पाय ४ (२ जीबी पुरतो, ४ जीबी बरा) किंवा पाय ५, ३२ जीबीचं ए१ दर्जाचं मायक्रो एसडी कार्ड, गाण्यांसाठी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय केबल, इको असलेला चार चॅनेलचा मिक्सर, वायरचे दोन डायनॅमिक माईक आणि पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेला) स्पीकर. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा. इथे काटकसर नको. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की व्होल्टेज पडतं, पडद्यावर कमी व्होल्टेजची सूचना येते, गाणं मध्येच अडखळतं आणि दोष मात्र प्रोग्रामला दिला जातो.

प्रोग्राम पायकराओके नावाचा आहे, मोफत आणि मुक्त. दुसऱ्या संगणकावरून रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने रास्पबेरी पाय ओएस या सिस्टिमची ६४ बिटची डेस्कटॉप आवृत्ती कार्डावर उतरवा, अपडेट करा, मग पायकराओकेच्या प्रकल्प पानावर दिलेली इन्स्टॉलची आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालवा. एफएफएमपेग (आवाज-चित्राच्या फाइली बदलणारं साधन) नसेल तर तेही घाला. सुरू केल्यावर टीव्हीवर क्यूआर कोड दिसतो. तो स्कॅन केला की फोनवर गाण्यांची यादी उघडते आणि ज्याला जे हवं ते तो रांगेत लावतो. पहिल्यांदा पडद्यावर एक क्लिक मागितला जातो. तो दिला नाही तर हा पडदा ज्यात उघडतो तो ब्राउझर आवाज सुरू करत नाही, आणि माणसं केबली उपसत बसतात.

गाण्यांची नावं देवनागरीत ठेवली आणि टीव्हीवर नुसते चौकोन आले, तर सिस्टिममध्ये देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. नोटो किंवा लोहितचं पॅकेज टाकून पाय पुन्हा सुरू करा. मराठी गाण्यांसाठी सीडीजी (कराओकेच्या सीडीवरचा जुना प्रकार) फाइलींपेक्षा एमपी४ व्हिडिओ घ्या. सीडीजीचं चित्र जेमतेम ३०० बाय २१६ ठिपक्यांचं असतं. त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट वाचता येत नाहीत. एच २६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधलं ७२० रेषांचं चित्र पुरेसं आहे. दुसऱ्या प्रकारची फाइल दिली तर प्रोग्राम ती आधी बदलून घेतो आणि गाणं सुरू व्हायला वेळ लागतो. पट्टी वर-खाली करतानाही तसंच, म्हणून पट्टी गाणं सुरू होण्याआधी ठरवा.

आवाज टीव्हीच्या हेडफोन आउटमधून मिक्सरला न्या. टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो. आवाजही त्याच्याकडूनच घेतला की शब्द आणि वाद्यं बहुधा जुळून येतात. हेडफोन आउट नसेल तर पायला यूएसबी साउंड कार्ड लावा आणि टीव्ही गेम मोडवर (चित्राचा उशीर कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात शब्द पुढे धावतात आणि गाणं मागे राहतं. केबल ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन मोनो पिना अशीच घ्या आणि त्या दोन लाइन चॅनेलना लावा. एकच स्टिरिओ पिन बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांमधला फक्त फरक घेणाऱ्या भोकात) घातली तर दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि आवाज पोकळ, पत्र्यासारखा येतो. ही चूक सहज होते आणि सापडायला फार वेळ लागतो.

स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, ओटीकडे तोंड करून ठेवा. स्पीकर पाठीमागे असला किंवा माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते. आधी माईकचा आवाज शिट्टीच्या जरा खाली आणा, मग गाणं त्याच्या बेताने लावा. इको निम्म्याच्या खालीच बरा. घूं असा आवाज येत असेल तर टीव्ही, पाय आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, डिशची केबल काढून पाहा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ओल्या भिंतीच्या घरात हातात धातूचा माईक असतो.

जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही. राउटर माजघरात आणि पाय पडवीत असेल तर मध्ये लॅन केबल ओढा. फोन त्याच नेटवर्कवर हवेत, पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवरून यादी बहुधा उघडत नाही. इंटरनेट नसलं तरी पेनड्राइव्हवरची गाणी चालतात. पायचाच हॉटस्पॉट करून फोन त्यावर घेता येतात. पेनड्राइव्ह निळ्या नव्हे, काळ्या पोर्टात लावा, कारण निळ्या पोर्टातल्या यूएसबी ३ ची गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला बाधते.

पावसात लाइट जाते तेव्हा खरं नुकसान कार्डाचं होतं. लिहिणं चालू असताना वीज तुटली की कार्ड बिघडून पाय सुरूच होत नाही. पाय आणि टीव्ही संगणकाच्या यूपीएसवर घ्या, आणि तयार कार्डाची एक नक्कल डब्यात ठेवा. पाय ८० अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि छोटा पंखा हवा.

खाऱ्या हवेने जॅकवर थर चढतो आणि करकर सुरू होते. महिन्यातून एकदा काँटॅक्ट क्लीनर मारून पिना दहा वेळा आत-बाहेर करा. रात्री दहाला स्पीकर बंद, पाय मेनूतूनच शटडाउन, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग बोर्डवरचं बटण बंद. गार झाल्यावर पाय आणि माईक घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.