इलेक्ट्रिशियनचा राज्य परवाना: तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा

अमेरिकेत इलेक्ट्रिशियनचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो बहुतेक ठिकाणी राज्य देते, तर इलिनॉय व पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत हे काम शहर किंवा काउंटीकडे (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडे) सोपवलेले आहे. म्हणून आपण जिथे काम करणार तिथे परवाना कोण देते, हे आधी पाहावे.

खरी अडचण परीक्षेपेक्षा अनुभव सिद्ध करण्यात येते. टेक्ससमध्ये जर्नीमन, म्हणजे शिकाऊच्या वरच्या पायरीच्या, परवान्यासाठी मास्टर, म्हणजे त्याहून वरच्या पायरीच्या, इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे ८,००० तास, म्हणजे पूर्णवेळ कामाची सुमारे ४ वर्षे, दाखवावी लागतात. मास्टरच्या परवान्यासाठी १२,००० तास लागतात. चार वर्षांत मालक बदलतात, कंपन्या बंद पडतात आणि जुना पर्यवेक्षक सहीसाठी सापडतोच असे नाही. त्यामुळे शिकाऊ म्हणून नोंदणी होताच तारीख, कामाचा प्रकार, तास आणि पर्यवेक्षकाचा परवाना क्रमांक लिहून ठेवावा, आणि नोकरी सोडताना अनुभवाच्या प्रपत्रावर सही घेऊनच बाहेर पडावे. पगाराच्या पावत्याही जपून ठेवाव्यात, मात्र त्यांवरून आपण वायरिंग केले की सामान वाहिले, हे कळत नाही.

परीक्षेचा आधार असलेली राष्ट्रीय विद्युत संहिता, म्हणजे सुरक्षित वायरिंगच्या नियमांचे पुस्तक, दर ३ वर्षांनी सुधारली जाते, परंतु प्रत्येक राज्य नवी आवृत्ती आपापल्या सवडीने स्वीकारते. तेव्हा हे पुस्तक विकत घेण्यापूर्वी परीक्षेसाठी कोणती आवृत्ती लागू आहे याची खात्री करावी, कारण ते स्वस्त नसते.