जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर: फायली, फॉन्ट, टॅली आणि बाकीचं

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत मशिनं बदलली जात आहेत. डॉक्युमेंट्स आणि फोटो कोणीही कॉपी करतं. घोळ होतो तो त्या फोल्डरांच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींचा, आणि तो कळतो जुनं मशिन एक्स्चेंजमध्ये गेल्यावर. म्हणून आधी त्या गोष्टी, मग कॉपी.

सुरुवातीला जुन्या मशिनवर सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडा आणि मोबाइलवर तिचे फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअरचं फोल्डर उचलून नव्या मशिनवर टाकलं तर ते बहुतेक वेळा चालत नाही, कारण त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आणि इतर फोल्डरांत विखुरलेल्या असतात. सॉफ्टवेअर नव्याने टाकायचं, न्यायचा तो फक्त डेटा. प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही तसंच.

मराठी फॉन्ट

श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रं, ठराव, लग्नपत्रिका अजून हजारो मशिनांवर आहेत. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे मराठी अक्षरांना सगळीकडे एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीचे नाहीत. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलीत खरं तर ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर नव्या मशिनवर ती इंग्रजी अक्षरंच दिसतात. अशा वेळी फाइल खराब झाली म्हणून डिलीट करू नका, फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो.

फॉन्ट दोन ठिकाणी शोधा. पहिलं ठिकाण सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स. दुसरं लपलेलं असतं: युजरच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि शेवटी फॉन्ट्स. ॲडमिन परवानगीशिवाय टाकलेले फॉन्ट इथे जातात. ॲपडेटा दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत हिडन आयटम्सवर टिक करा. नव्या मशिनवर हे सगळे फॉन्ट निवडून राइट क्लिक करा आणि ‘सगळ्या युजरांसाठी इन्स्टॉल’ हा पर्याय घ्या. नुसतं इन्स्टॉल केलेले फॉन्ट पेजमेकर, कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना कित्येकदा दिसत नाहीत. फार महत्त्वाचे कागद असतील तर जुन्या मशिनवरूनच त्यांची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसतो.

मराठी कीबोर्ड मात्र कॉपी करायचा नसतो. सेटिंग्जमध्ये भाषेत मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही विंडोजमध्येच आहेत. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

टॅली, मेल, पासवर्ड

टॅलीतच बॅकअप घ्या, शिवाय डेटाचं अख्खं फोल्डरही उचला. ते कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ दिसतो, तोच खरा. प्रत्येक कंपनीचं फोल्डर नावाने नाही, आकड्याने असतं, त्यामुळे ‘हे कसलं आकड्यांचं फोल्डर’ म्हणून ते मागे राहतं. नव्या आवृत्तीत डेटा एकदा मायग्रेट झाला की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून मूळ बॅकअपला हात लावू नका. जुन्या मशिनवर इंटरनेट चालू असतानाच लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा.

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, सर्टिफिकेट यूएसबी टोकनमध्येच असतं. नव्या मशिनवर त्या टोकनचा ड्रायव्हर लागतो.

आउटलुक बंद करून त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल कॉपी करा. चालू असेल तर कॉपी होत नाही. मेल पॉपवर (सर्व्हरवरून मशिनवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर) असेल आणि सर्व्हरवर प्रत राहत नसेल तर वर्षानुवर्षांची पत्रं याच एका फाइलीत असतात. ओएसटी फाइल नेऊ नका, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते.

क्रोममध्ये गूगल खात्याने सिंक चालू असेल तर नव्या मशिनवर लॉगिन केलं की काम झालं. सिंक नसेल तर प्रोफाइलचं फोल्डर उचलून बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या युजरला बांधून कुलूपबंद केलेले असतात. पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ते सीएसव्ही नावाच्या साध्या फाइलीत एक्सपोर्ट करावे लागतात. ती फाइल कोणीही उघडून वाचू शकतं. नव्यावर इंपोर्ट झाल्याबरोबर दोन्हीकडून आणि पेनड्राइव्हवरूनही ती काढा, रीसायकल बिनही रिकामा करा.

कॉपी

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या फोल्डरात गेलेले असू शकतात. ज्या फाइलीपुढे ढगाचं चिन्ह आहे ती मशिनवर नाहीच, नुसतं नाव आहे. राइट क्लिक करून ती ‘कायम या मशिनवर ठेवा’ असं सांगा, हिरवं चिन्ह येईपर्यंत थांबा, मग कॉपी करा.

बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असावी. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ किंवा पीएसटी नेमकी इथे अडते. फॉरमॅट केल्याने डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी ती रिकामी आहे ना ते बघा. २०० जीबीला यूएसबी २ च्या पोर्टवर दीड ते दोन तास लागतात, यूएसबी ३ वर साधारण ३५ ते ४० मिनिटं. हे पोर्ट बहुधा आतून निळं असतं. लहान लहान फायली लाखभर असतील तर वेळ बराच वाढतो.

‘पाथ फार लांब आहे’ असं आलं तर फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर, अशी नावं २६० अक्षरांपलीकडे गेलेली असतात. वरच्या फोल्डरांची नावं छोटी करा.

कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फायलींची संख्या व बाइट्समधला आकार जुळतो का बघा. डी ड्राइव्ह, डाउनलोड्स आणि व्हॉट्सॲपवरून सेव्ह केलेल्या फायली विसरू नका.

जुनं मशिन सुरूच होत नसेल तर त्याची डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला. लॅपटॉपची २.५ इंची साटा डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या ३.५ इंचीला वेगळा ॲडॅप्टर लागतो, एम.२ एनव्हीएमईला वेगळंच केस. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असू शकते. नव्या विंडोज ११ च्या मशिनवर हे एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं, म्हणून तिथली कीही आजच कागदावर लिहून ठेवा.

जुनं मशिन लगेच देऊन टाकू नका. महिनाभर, आणि टॅली असेल तर पुढचा जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत, ते कोपऱ्यात राहू द्या. मग सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत रीसेट निवडा, ‘सगळं काढा’ घ्या आणि सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करा. साध्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात, तेव्हा लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि मध्येच बंद करू नका.