मॅग्नेशियमच्या पृष्ठभागात सिलिकॉन कार्बाइड कसे मिसळावे

सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असलेली एझेड९१ ही मॅग्नेशियमची मिश्रधातू त्याच आकाराच्या पोलादाच्या जेमतेम पाव वजनाची भरते, पण घसटीला ती कच्ची ठरते. सबंध जॉबमध्ये (घडवायच्या भागात) सिलिकॉन कार्बाइडसारखे कठीण सिरॅमिक घातले तर तो ठिसूळ होतो, म्हणून घर्षण सोसणारा दोन-तीन मिलिमीटरचा थरच बदलावा. त्यासाठी फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग मला सर्वांत सोयीचे वाटते. यात टोकाला पिन असलेले फिरते हत्यार धातूत दाबून पुढे सरकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेने धातू न वितळता मऊ होऊन ढवळली जाते, त्यामुळे कण तळाशी बसत नाहीत.

प्लेट ॲसिटोनने पुसून तिच्यात १ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर खोल खाच पाडावी व सिलिकॉन कार्बाइडची बारीक पावडर ठासून भरावी. हत्याराला ६ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर लांबीची पिन वापरल्यास ढवळलेल्या भागाचा छेद साधारण १८ चौरस मिलिमीटर आणि खाचेचा २ चौरस मिलिमीटर येतो. म्हणजे कागदावर थरात ११ टक्के सिलिकॉन कार्बाइड. पण ठासलेल्या पावडरीतही निम्मी जागा पोकळच असते, तेव्हा हाती पाच-सहा टक्केच लागतात.

पहिला फेरा बिनपिनच्या हत्याराने देऊन खाचेचे तोंड बंद करावे, नाहीतर पावडर उडून जाते. मग पिनचे हत्यार दोन-तीन अंश कलवून, मिनिटाला सुमारे १००० आवर्तने आणि खाचेच्या दिशेने ४० मिलिमीटर सरक या वेगांनी सुरुवात करावी. आत बोगद्यासारखी पोकळी राहिली तर सरक कमी करावी. निदान तीन फेरे द्यावेत, दर वेळी दिशा उलटावी आणि मधे प्लेट निवू द्यावी. जास्त पावडर भरण्याचा मोह टाळावा. थोडे पण नीट पसरलेले कण पुंजक्यांपेक्षा कितीतरी चांगले. खाच पाडताना निघालेला मॅग्नेशियमचा कीस पेटल्यास कोरडी वाळू टाकावी, पाणी कधीही नाही, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

छेद घेऊन तो अल्कोहोल वापरून पॉलिश करावा आणि थराच्या आडव्या रेषेत दहा ठिकाणी सूक्ष्म कठिणता मोजावी. आकडे वरखाली उड्या मारत असतील तर मिसळण अपुरी आहे. शेवटी पिन-ऑन-डिस्क चाचणीत, म्हणजे फिरत्या डिस्कवर नमुना दाबून झीज पाहताना, नमुन्याबरोबर समोरची डिस्कही पाहावी. नमुन्याचे वजन फारसे घटले नाही, पण डिस्कवर खोल चरे पडले, तर सुटलेले कणच मधे काचकागदासारखे घासत आहेत असे समजावे आणि पुढच्या प्लेटला आणखी एक फेरा द्यावा.