सोळा किलोबिटवर एजंट पाठवताना

एम.टेक.च्या प्रोजेक्टला 'मोबाइल एजंट' हा विषय घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा फोनचं काहीतरी करतोय. हा एजंट म्हणजे आपली स्थिती, म्हणजे आतापर्यंत जमवलेले आकडे आणि काम कुठवर आलं ते, सोबत घेऊन एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्राम. सैन्याच्या रेडिओ जाळ्यात लिंक बारीक आणि बेभरवशाची. म्हणून सगळी माहिती ओढून आणण्याऐवजी प्रोग्रामच तिकडे धाडायचा, त्याने तिथेच चाळून फक्त उत्तर आणायचं. मध्ये लिंक तुटली तरी त्याचं काम चालूच.

ऐकायला झकास. मी जावात एजंट लिहिला, लॅबच्या लॅनवर पळवला आणि खूश झालो. गाइड म्हणाले, "आता सिंगार्स धरून हिशेब कर." अमेरिकी लष्कराच्या या व्हीएचएफ रेडिओवर डेटाचा वेग जास्तीत जास्त 16 किलोबिट, म्हणजे सेकंदाला 2 किलोबाइट. माझा एजंट लायब्रऱ्यांसकट 200 किलोबाइटचा. एकही पॅकेट न हरवता पोचायलाच 100 सेकंद. आणायचा होता 40 किलोबाइटचा लॉग, तो सरळ मागवला असता तर 20 सेकंदांत आला असता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! त्याहून लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर 2400 बिटचा वेग मिळाला तर सेकंदाला 300 बाइटच. तिथलं गणित मी केलंच नाही.

तेव्हा कोडला हात लावण्याआधी हा भागाकार करा. मग लिनक्सच्या टीसी आणि नेटएम या अवजारांनी लिंक मुद्दाम बिघडवून, म्हणजे वेग रोखून आणि पॅकेट हरवून, चाचणी घ्या. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर पॅकेटं नीट पोचवण्याची नेहमीची पद्धत, हरवलेलं पॅकेट म्हणजे गर्दी समजून वेग आणखी उतरवतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. मात्र रेडिओवर एक बोलताना दुसऱ्याने गप्प बसायचं असतं, ते नेटएम आपोआप दाखवत नाही. माझे पहिले आकडे त्यामुळेच फार गोड आले होते.

वाचायला डार्टमथ कॉलेजच्या डी-एजंट्स या मोबाइल एजंट प्रणालीपासून सुरुवात करा. त्यातला टीसीएल या भाषेत लिहिलेला एजंट चालू ओळीवरून उडी मारतो आणि पलीकडे पुढच्या ओळीपासून चालू होतो. आयबीएमच्या अ‍ॅगलेट्स या जावातल्या प्रणालीत ऑब्जेक्टची स्थिती जाते, पण काम ठरलेल्या मेथडपासून (प्रोग्रामच्या ठरलेल्या भागापासून) नव्याने सुरू होतं. अहवालात सुरक्षेला वेगळं प्रकरण ठेवा. शत्रूच्या हाती पडलेला नोड, म्हणजे जाळ्यातलं एखादं मशीन, एजंटचं काय करेल, हा प्रश्न येतोच.

शेवटी मी कोड प्रत्येक नोडवर आधीच ठेवला आणि फक्त काहीशे बाइटची स्थिती पाठवू लागलो. व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, "मग यात मोबाइल काय राहिलं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. तुम्ही उत्तर घरूनच तयार करून जा.