ट्रकच्या केबिनचा एसी: गॅस टाकण्याआधीची कामं

मार्च-एप्रिलात माळव्यात गहू निघतो आणि इंदूरच्या छावणी, लक्ष्मीबाई नगरच्या मंडीबाहेर ट्रकांच्या रांगा लागतात. त्याच दिवसांत उडणारा भुसा आणि काळ्या मातीची धूळ कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीत जाऊन बसते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, केबिन थंड होईनाशी होते आणि पहिला सल्ला मिळतो तो गॅस टाकून घेण्याचा. बऱ्याचदा गॅस पुरेसा असतो. खरोखर कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतोय, कारण एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. म्हणून आधी हवा बघा, मग वीज, मग गळती, आणि सगळ्यात शेवटी गॅस.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. तेव्हा हे काम आता प्रत्येक गॅरेजला नीट आलं पाहिजे.

जाळी धुणं

कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे असतो. समोरून तो स्वच्छ दिसतो, आणि फसगत इथेच होते. भुसा अडकतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. इंजिन थंड झाल्यावर कंडेन्सरचे वरचे बोल्ट काढा, पाइप न सोडता आणि न ताणता तो बोटभर पुढे झुकवा आणि फटीत टॉर्च मारा. हंगाम करून आलेल्या गाडीत तिथे चहाच्या चोथ्यासारखा ओला, काळपट थर हाताला लागतो. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. साध्या नळीचा जोर पुरतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने अॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. तेलकट थर असेल तर भांड्यांचा पातळ साबण लावून दहा मिनिटं ठेवा. कॉस्टिक किंवा अॅसिड अजिबात नको, अॅल्युमिनियम खाऊन टाकतं.

पंखाही तपासा. इंजिन चांगलं तापल्यावर व्हिस्कस फॅनचा (तापल्यावर जोरात फिरणाऱ्या इंजिनच्या पंख्याचा) आवाज मोठा झाला पाहिजे. मानपूरच्या घाटात खालच्या गिअरवर चढताना एसी गरम हवा देतो आणि सपाटीवर पळताना थंड, तर संशय पंख्यावर आणि जाळीवर घ्या. केबिन फिल्टर काढून झटका, फार मळला असेल तर बदला.

क्लच आणि वायरिंग

एसी चालू केल्यावर कंप्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी 'टक्' आवाज येऊन पुढची क्लचची प्लेट फिरायला हवी. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, आणि मग क्लचच्या वायरवर मीटर लावून व्होल्टेज बघा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट, छोट्या पिकअपला सहसा १२. कंप्रेसर बदलताना क्लचची प्लेट ओढणाऱ्या कॉइलवरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. १२ ची कॉइल २४ वर जळून जाते.

सकाळी एसी उत्तम चालतो आणि दुपारी आपोआप सुटतो, या तक्रारीत क्लचची फट मोजा. साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी. प्लेट झिजून फट वाढली की कॉइल थंड असेपर्यंत ती ओढली जाते. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, ओढ कमी पडते आणि प्लेट सुटते. फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा, एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढून फट आत आणा. इतकंच काम असतं, पण ते न करता गॅस काढून पुन्हा भरला जातो.

प्रेशर स्विच 'डायरेक्ट' करून गाडी देऊ नका. गॅस फार कमी झाला की हा स्विच मुद्दाम क्लच तोडतो, कारण कंप्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि कंप्रेसर जाम.

गेज काय सांगतं

चष्मा आणि हातमोजे घाला. एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते.

बंद गाडीत गेज लावून 'प्रेशर आहे, गॅस फुल' म्हणणं चूक आहे. ४० अंशांत उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंना १३० पीएसआयच्या आसपास दिसेल. आत द्रवरूप गॅस थोडा असो की पूर्ण, आकडा तोच, कारण तो तापमानावर ठरतो. इंजिन १५०० आरपीएमवर, ब्लोअर फुल, दरवाजे उघडे ठेवून वाचा. बाहेर ४० अंश असताना निळ्या (कमी दाबाच्या) बाजूला साधारण ३० ते ४५ आणि लाल (जास्त दाबाच्या) बाजूला २२० ते २८० पीएसआय ठीक समजा.

दोन्ही कमी असतील तर गळती. दोन्ही जास्त असतील तर जाळी बंद, गॅस जास्त किंवा आत हवा: अशा गाडीत अजून गॅस टाकला की केबिन आणखी तापते. निळी जास्त आणि लाल कमी, म्हणजे कंप्रेसर आतून गेलाय. निळी व्हॅक्युमकडे जाते आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक चालतो, तर आत शिरलेलं पाणी एक्सपान्शन वाल्ववर (गॅस जिथून बारीक वाटेने सुटतो तिथे) गोठतंय. ड्रायर (पाणी शोषणारी बाटली) बदलून व्हॅक्युम नीट करावा लागेल, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढावी लागेल.

गळती, मग व्हॅक्युम

जिथे तेलाला धूळ चिकटून काळा डाग दिसतो, तिथून सुरुवात करा: होजचे क्रिम्प, चेसिसला घासणारे पाइप, कंप्रेसरचं पुढचं सील, कंडेन्सरचे खालचे कोपरे, सर्व्हिस वाल्वच्या पिना. उरलेला गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने काढा. याच्या एका किलोचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. मग रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरा आणि साबणाचा फेस लावा. ऑक्सिजन कधीही भरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

सिस्टीम उघडली की ड्रायर आणि ओ-रिंगा नव्या घाला. ओ-रिंगला तेलाचं बोट लावूनच बसवा. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली तेल वाढवा, ग्रेड कंप्रेसरच्या स्टिकरवरचीच. कंप्रेसरचं पीएजी तेल हवेतलं पाणी शोषतं, बाटली लगेच बंद करा.

व्हॅक्युम किमान ३० ते ४५ मिनिटं. इथे एक स्थानिक गोष्ट: पुस्तकात २९.९ इंच लिहिलेलं असतं, पण इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे काटा २८ इंचांच्या आसपासच थांबतो. पंप बिघडला समजून तो बदलू नका. पंप बंद करून १५ मिनिटं बघा, काटा हलला तर गळती राहिली आहे.

गॅस वजनाने

किती ग्रॅम, ते गाडीच्या स्टिकरवर असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि तेवढाच भरा. इंजिन चालू असताना फक्त निळ्या बाजूने, डबा उभा धरून, म्हणजे वायूच जाईल. लाल वाल्व पूर्ण बंद हवा, नाहीतर आतलं प्रेशर डब्यात येऊन तो फुटू शकतो. बिल कमी करण्यासाठी एलपीजी मिसळलेला स्वस्त गॅस घेऊ नका, केबिनमध्ये आग लागण्याचा धोका असतो. पिथमपूरहून औषधं नेणाऱ्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाड्यांत बहुधा आर-४०४ए हा वेगळा गॅस असतो. तो आणि त्याचं तेल या सिस्टीममध्ये चालत नाही.

शेवटी दरवाजे-काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, आणि मधल्या जाळीत थर्मामीटर दहा मिनिटं ठेवा. हवा केबिनपेक्षा १५ अंशांनी तरी थंड यायला हवी. पावसाळा-हिवाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायला ड्रायव्हरला सांगा. कंप्रेसरचं सील तेलाविना कोरडं पडतं आणि थंडीत न चालवलेल्या गाडीचा गॅस मार्चपर्यंत तिथूनच निघून जातो.