निवडुंग, थोर, साबर : एकसारखी काटेरी झाडं ओळखायला शिकताना

बॉटनीत नवीन होते तेव्हा माझा हिशोब सोपा होता, माळावर काटेरी आणि मांसल काही दिसलं की निवडुंग, आणि तेच कुंडीत असलं की कॅक्टस. एमएस्सीच्या प्रोजेक्टला सासवड-जेजुरीकडच्या टेकड्यांवर प्लॉट (झाडांच्या नोंदीसाठी आखलेले जमिनीचे तुकडे) टाकले तेव्हा हाच समज घेऊन गेले, मे महिना, झाडांवर एक पान नाही, आणि मी प्रत्येक जोडकाट्याच्या झुडपापुढे डोळे झाकून युफोर्बिया नेरीफोलिया (थोरासारख्या चिकाच्या झाडांतली एक जात) लिहीत गेले. नंतर नमुने घेऊन हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) गेले तर तिथल्या एका सीनियर सरांनी शीट हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, फांदी गोल होती की धारांची? दाबून वाळवलेली फांदी चपटी झालेली, वहीत नोंद नाही, फोटो सगळे लांबून काढलेले. उत्तर नव्हतं माझ्याकडे. पावसाळ्यात परत जाऊन सगळे प्लॉट पुन्हा करावे लागले आणि तेव्हा कळलं की एकाच टेकडीवर दोन वेगळ्या जाती शेजारी शेजारी उभ्या होत्या. तुमचा असा सीझन वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी कॅक्टस आणि युफोर्बिया वेगळे करायला शिका, कारण ही दोन कुळंच वेगळी आहेत, दिसायला सारखी झालीत ती कोरड्या हवेत पाणी साठवायच्या गरजेमुळे. इथे काट्याची लांबी वगैरे नका बघू, काटा कुठून उगवलाय ते बघा. कॅक्टसला काटे येतात ते एका छोट्या लोकरीसारख्या गादीतून, तिला एरिओल म्हणतात, आणि एकाच गादीतून एक, दोन, पाच, कितीही काटे येऊ शकतात. आपल्याकडच्या काटेरी मांसल युफोर्बियांना अशी गादी नसते, काटे जोडीने येतात आणि त्या जोडीखाली एक करडी-तपकिरी टणक चकती असते, तिला स्पाइन शील्ड म्हणतात. हँड लेन्स १० एक्सची पुरते, रस्त्यावर उभं राहून दोन मिनिटात होतं हे काम. दुसरी खूण म्हणजे चीक, युफोर्बियाला जरा ओरखडा गेला तरी पांढराशुभ्र चीक वाहतो, फड्या निवडुंग हा कॅक्टस, त्यातून तसा निघत नाही.

आणि हो, महाराष्ट्रात रानात मूळचा असा एकही कॅक्टस नाही. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला आहे. हे मला एमएस्सीला येईपर्यंत माहीत नव्हतं, कारण गावाकडे तो इतका आपला वाटतो ना.

चिकाबद्दल इथेच सांगते, नंतर राहून जाईल. माझ्याबरोबर फील्डला आलेल्या मुलीने फांदी कापली आणि घाम पुसताना तोच हात डोळ्याला लागला. आम्ही जवळच्या सगळ्या बाटल्यांचं पाणी डोळ्यात ओतत राहिलो आणि तडक डॉक्टरकडे नेलं, तरी पुढचे तीन दिवस तिला धूसर दिसत होतं. युफोर्बियाचा चीक डोळ्याला खरंच इजा करतो, तेव्हा चष्मा, हातमोजे आणि धुवायला वेगळं पाणी नसेल तर कापू नका, फोटो काढा आणि परत या.

आता मुख्य गोंधळ. आपल्या माळांवर युफोर्बियाच्या ज्या तीन जाती नवख्याला हमखास फसवतात त्या म्हणजे अँटिकोरम, नेरीफोलिया आणि निवुलिया. अँटिकोरम म्हणजे तिधारी निवडुंग, ह्याच्या फांद्यांना साधारण तीन धारा, पंखासारख्या बाहेर आलेल्या आणि नागमोडी, पानं इतकी बारकी आणि लगेच गळणारी की बहुतेक वेळा दिसतच नाहीत. ही सोपी. फक्त खालचं मुख्य खोड कधीकधी चार-पाच धारांचं असतं, तेव्हा धारा मोजायच्या त्या वरच्या फांद्यांवर.

खरा त्रास पुढच्या दोघांचा. नेरीफोलियाच्या कोवळ्या फांदीवर काट्यांच्या जोड्या उंचवट्यांवर बसलेल्या असतात आणि ते उंचवटे एकाखाली एक जुळून साधारण पाच ओळी होतात, त्यासुद्धा सरळ नाही, किंचित पिळलेल्या. निवुलियाची फांदी गोल, दंडगोलासारखी, काट्यांच्या चकत्या जवळजवळ पृष्ठभागालाच चिकटलेल्या, धार म्हणावी असं काही नसतंच. पण गोची अशी की नेरीफोलियाचं जुनं खोडही वयाने गोल होतं, आणि माणूस कमरेच्या उंचीवर दिसणारं खोड बघून गोल म्हणून मोकळा होतो (माझं तेच झालं होतं, फक्त उलट दिशेने, मी सगळ्यांनाच पाच धारी समजून चालले). म्हणून नियम करून टाका, बघायची ती शेंड्याजवळची, गेल्या वर्षी वाढलेली फांदी. हातमोजा घालून काट्यांच्या मधून अंगठा फिरवा, कंगोरे लागतात की नाही ते डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं. मग बोटभर तुकडा आडवा कापा, चीक टिपून घ्या आणि कापलेलं तोंड वहीवर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. ही एक रेषा माझ्या पहिल्या वहीत असती तर अख्खा उन्हाळा वाचला असता.

पानं दोघांनाही पावसाळ्यात शेंड्याशी झुपक्याने येतात आणि पुढे गळतात. निवुलियाची जास्त लांब, कधी वीतभर, देठाकडे निमुळती होत गेलेली, नेरीफोलियाची त्यामानाने आखूड आणि टोकाकडे रुंद. पण एकट्या पानावर नाव ठरवू नका, मापं एकमेकांत मिसळतात. शक्य असेल तर त्याच झाडाकडे दोनदा जा, एकदा ऑगस्टमध्ये पानांसाठी आणि एकदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फुलांसाठी, कारण दोन्ही एकत्र मिळणं कठीण असतं. झाडाला खूण आणि जीपीएस नोंद ठेवा नाहीतर सहा महिन्यांनी तेच झाड सापडत नाही.

लोकांना नाव जरूर विचारा पण त्यावरून जात ठरवू नका. एका गावात ज्याला थोर म्हणतात त्याला पुढच्या गावात साबर, तिसरीकडे नुसतं निवडुंग, आणि काही ठिकाणी साबर म्हणजे फड्या. मी वहीत दोन वेगळे रकाने ठेवते, एक गावातल्या नावाचा, एक माझ्या ओळखीचा. लोक जैवविविधता नोंदवहीचं (गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदीचं) काम करणाऱ्यांनी तर हे पाळाच, तिथे नुसतं थोर लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला कशावरच काम करता येत नाही.

फड्यांमध्येही जाती आहेत. डिलेनाय आणि इलेटियर या दोन्ही आपल्याकडे दिसतात, पहिल्याचे काटे पिवळे, चपटे आणि जरा वाकलेले, दुसऱ्याचे तपकिरी. मोनाकॅन्थाची पेरं पातळ, चकचकीत आणि एका गादीत एक-दोनच काटे. मोठ्या काट्यांपेक्षा गादीतल्या केसांसारख्या बारीक काट्यांना जपा, ते दिसत नाहीत आणि आठवडाभर टोचतात.

कुणी म्हणेल एवढा किस कशाला पाडायचा, सगळे फडेच ना. तर १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंगासाठी कोचिनीलचा किडा हवा होता, ब्राझीलहून जो आणला तो रंगाचा डॅक्टिलोपियस कोकस समजून, प्रत्यक्षात निघाला त्याचाच भाऊबंद सिलोनिकस. रंग काही धड मिळाला नाही, पण किड्याने उत्तर आणि मध्य भारतातला मोनाकॅन्था मात्र फस्त केला. डिलेनायवर त्याचं काहीच चाललं नाही, त्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून तिसरा किडा, डॅक्टिलोपियस ओपन्शिए, आणावा लागला. म्हणजे आपण ज्यांना एकाच नावाने हाक मारतो ती झाडं त्या किड्याला बरोबर वेगळी कळत होती. आजही फड्यावर पांढरा कापूस दिसला तर काडीने चिरडून बघा, गडद लाल रंग निघतो.

नर्सरीतलं झाड असेल तर लेबलवर भरवसा ठेवू नका. तिधारी म्हणून बरेचदा युफोर्बियाचीच दुसरी जात, ट्रायगोना, विकतात, त्याच्या फांद्या खोडाला धरून सरळ वर जातात आणि धारांवर छोटी पानं टिकून असतात. धारांच्या मधल्या भागावर फिकट पांढरट पट्टा असेल तर युफोर्बिया लॅक्टिया असू शकतं. रानातल्या झाडांची तुलना कुंडीतल्या झाडाशी मी तरी करत नाही, सावलीत आणि रोजच्या पाण्यावर धारा, काटे सगळंच बदलतं.

शेवटी प्रेसिंग, म्हणजे नमुना कागदात दाबून वाळवणं. मांसल फांदी तशीच कागदात ठेवली तर ती मरत नाही, प्रेसमध्येच वाढत राहते, पानं झडतात आणि बुरशी येते. फांदी उभी चिरा, आतला गर चमच्याने खरवडून काढा, काट्यांची एक पूर्ण ओळ साबूत राहील असं बघा, मग उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून कोरडी करा आणि कागद पहिले काही दिवस रोज बदला. आडवा काप वेगळ्या पाकिटात घालून त्याच शीटवर लावा. फुलांचा रंग, चीक, उंची, फांदी गोल की धारांची हे सगळं झाडासमोर उभं राहूनच लेबलवर लिहा, वाळल्यावर यातलं काहीही शीटवर दिसत नाही.